खेळात लागलेलं लक्ष वर्गात पोचतं का?
टॅबलेट दोन्ही हातांत धरून डावी-उजवीकडे कलवायचा, की पडद्यावरचं पात्र वळणांच्या वाटेवरून धावतं. त्याच वेळी ठरलेल्या रंगाचं लक्ष्य दिसलं तर बोटानं टिपायचं, इतर काही आलं तर हात आवरायचा. ‘एंडेव्हरआरएक्स’ हा खेळ वरवर पाहता एवढाच. मूल सराईत झालं की तो अवघड होतो, चुकू लागलं की सोपा, त्यामुळे ज्याला त्याला आपल्या कुवतीच्या जरासं पुढचंच काम मिळतं. भरल्या वर्गात शिक्षकाला हे जमणं जवळजवळ अशक्य, म्हणून या कल्पनेबद्दल मला खरोखरच आदर आहे. जून 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 8 ते 12 वर्षांच्या एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाण्याचा विकार) असलेल्या मुलांसाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, त्याला परवानगी दिली.

त्यामागची मुख्य चाचणी 348 मुलांवर झाली. जवळपास निम्मी मुलं रोज 25 मिनिटं, आठवड्याचे 5 दिवस, 4 आठवडे हा खेळ खेळली. उरलेल्यांना शब्दांचा एक डिजिटल खेळ दिला होता. संगणकावरच्या लक्ष-चाचणीत पहिला गट पुढे गेला. पालकांनी भरलेल्या प्रश्नावलीत मात्र दोन्ही गट सारखेच सुधारले. पालकांचं मत आशेनं रंगतं आणि यंत्राचं माप निखळ असतं, असं यावर म्हणता येईल. पण ती लक्ष-चाचणीसुद्धा पडद्यावर चिन्ह दिसताच कळ दाबण्याचीच. खेळाशी तिचं जवळचं नातं आहे. आईवडील डॉक्टरकडे येतात ते अर्धवट राहिलेल्या गृहपाठासाठी, वर्गात हरवलेल्या वह्यांसाठी. स्वीडनमध्ये टॉर्केल क्लिंगबर्ग यांनी विकसित केलेल्या ‘कॉगमेड’ या स्मरणशक्तीच्या संगणकीय सरावाबद्दलही, पडद्यावरची प्रगती वर्गात पोचते का, हाच प्रश्न उभा राहिला. स्मरणशक्तीच्या अशा सरावांचा 2013 मध्ये मेल्बी-लेर्व्हॉग आणि ह्यूम यांनी एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सरावासारख्याच कामांत तात्पुरती प्रगती दिसली, वाचन-गणितात ती उतरल्याचा पुरावा मिळाला नाही.

एडीएचडीच्या औषधांनी भूक मंदावते, झोप उडते, खेळानं फार तर थोडी चिडचिड किंवा डोकेदुखी. मग करून पाहायला काय हरकत, असं पालक विचारतात. जोडीला करून पाहायला हरकत नाहीच. पण प्रस्थापित उपचारांना पर्याय म्हणण्याइतका ‘एंडेव्हरआरएक्स’च्या चाचणीचा निकाल पुरेसा नाही, असं ती करणाऱ्या संशोधकांनीच लिहून ठेवलं आहे. शिवाय खेळात जिंकणारं मूल वर्गात पुन्हा अडलं, की दोष त्याच्यावरच येण्याची भीती असते. म्हणून असा कार्यक्रम विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला एवढं विचारा: मूल सराव करतंय हे ठाऊक नसलेल्या शिक्षकांना वर्गात फरक दिसला का? उत्तरात पडद्यावरचे गुणच पुढे केले, तर पैसे देऊ नका.