आधी घासणे, मग वाफ

ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रातून, निघालेले शस्त्रक्रियेचे प्रत्येक हत्यार निर्जंतुक असते, हा समज धोक्याचा आहे. वाफ जिथे पोहोचते तिथलेच जंतू मारते. 121 अंश सेल्सिअसला 15 मिनिटे किंवा 134 अंशांना 3 मिनिटे, हे नेहमीचे हिशेब हत्यार स्वच्छ आहे असे धरूनच केलेले असतात. रक्तवाहिनी पकडणारा आर्टरी फोर्सेप्स पाहा. त्याच्या सांध्यात किंवा दातांच्या खाचांत रक्त सुकले, तर त्या थराखालचे जंतू वाफेतूनही वाचू शकतात. उलट उष्णतेने रक्तातली प्रथिने गोठतात आणि धातूला अधिकच घट्ट चिकटतात. म्हणूनच हत्यारे सुकू देऊ नयेत, आधी कढत पाण्यात टाकू नयेत. सांधे उघडून, सुटे भाग वेगळे करून ब्रशने पाण्याखाली घासावीत.

इतक्या उष्णतेत सगळेच मरते, मग डाग राहिला तर काय बिघडले, असे कुणी म्हणेल. पण काही जीवाणूंच्या आवरणातले एंडोटॉक्सिन नेहमीच्या वाफेला दाद देत नाही. ते शरीरात गेले तर ताप आणि दाह होऊ शकतो. हत्याराच्या पाकिटावरच्या पट्टीचा बदललेला रंगही फक्त उष्णता मिळाल्याचे सांगतो, स्वच्छतेचे नाही. शस्त्रक्रियांच्या गर्दीत घासायला वेळ नसतो, ही अडचण खरी आहे. तिचे उत्तर मात्र जादा हत्यारे आणि प्रशिक्षित माणसे हेच आहे. हत्यार धुणाऱ्याचे काम हलके समजणारे रुग्णालय रुग्णाची सुरक्षितताच हलकी लेखते.