बॅक कॉम्प्रेशन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आषाढात रोवणीची घाई सुरू झाली की सिहोऱ्याच्या पंचक्रोशीतील ट्रॅक्टरांना उसंत म्हणून राहत नाही. आणि चांदपूर तलावाखालच्या बांध्यांत केजव्हील लावून दिवसदिवस चिखलणी करणारे एखादे जुने इंजिन एका सकाळी ऑइलच्या टोपणातून भसाभस धूर ओकू लागले, ऑइल मोजायच्या काडीच्या नळीतून तेल उडवू लागले, की भोवती जमलेल्या मंडळींपैकी कोणीतरी निकाल देऊन मोकळा होतो, ‘इंजिन गेलं जी!’ हा निकाल पुष्कळदा खरा ठरतो, हे कबूल. परंतु तो बहुधा तपासाआधीच लागलेला असतो, आणि इंजिन खोलण्याचा खर्च ज्याच्या अंगावर पडायचा त्याला पुरावा मागण्याचा हक्क आहे.

सिलिंडरातील ज्वलनाचा वायू रिंगांना चुकवून खाली क्रँकच्या पोटात उतरतो, त्याला गॅरेजच्या बोलीत बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. निरोगी इंजिनात असे घडतच नाही, ही समजूत मुळातच चुकीची आहे. रिंग तापल्यावर प्रसरण पावते, म्हणून तिच्या तोंडाशी फट ठेवावीच लागते. त्या फटीतून कोऱ्या इंजिनातही थोडा वायू निसटतो, आणि तो निघून जावा एवढ्याचसाठी ब्रीदरची योजना असते. शिवाय दिसणारे पांढरे सगळेच धूर नसते. एक किलो डिझेल जळताना किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. पावसाळी सकाळी थंड इंजिनात तीच टोपणापाशी दिसते. इंजिन चांगले तापू द्यावे : वाफ ओसरते, झिजलेल्या रिंगांचा वायू ओसरत नाही.

टोपण सैल करून तोंडावर उपडे ठेवायचे, थरथरले तर ठीक, उडाले तर इंजिन बाद, ही परीक्षा सर्वत्र प्रचलित आहे. अंदाजापुरती ती ठीक. पण एका सिलिंडरच्या पंपाच्या इंजिनात पिस्टनच्या वरखाली होण्यानेच पोटातली हवा धक्के देते, तेव्हा टोपणाच्या नाचण्यावर फैसला करणे धाडसाचे होय. त्याहून विश्वसनीय साधन चार पैशांचे आहे. पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवून तीत निम्मे पाणी भरावे, एक टोक काडीच्या नळीवर घट्ट बसवावे, टोपण लावावे, ब्रीदर मोकळा ठेवावा आणि तापलेले इंजिन आधी मंद, मग पूर्ण वेगात चालवून दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीतील अंतर मोजावे. मर्यादा किती, ते त्या इंजिनाच्या पुस्तिकेत पाहावे. १० सेंटिमीटर अंतर म्हणजे चौरस सेंटिमीटरला जेमतेम १० ग्रॅम दाब. परंतु ऑइल सील तेल अडवण्यासाठी असते, दाब पेलण्यासाठी नव्हे.

म्हणूनच ‘सील गळते, बदलून टाका’ हा सल्ला अनेकदा वाया जातो. मी पाहिलेल्या एका ट्रॅक्टरचे मागचे सील एकाच हंगामात दोनदा बदलले होते, क्लचप्लेट तेलाने भिजून वेगळीच. तिसऱ्या खेपेस एका वयस्कर मिस्त्रीने इंजिनाला हात लावण्यापूर्वी ब्रीदरची नळी काढून दगडावर आपटली, तेव्हा तेलात मुरून वीट झालेले कुंभारीण माशीचे घरटे बाहेर पडले, आत तिने पिल्लांसाठी साठवलेले वाळके कोळी. उन्हाळाभर ट्रॅक्टर उभा होता. माशीला आयते बीळ मिळाले होते. जाळी धुतली, सील पुन्हा बसवले, आणि बोअर-लायनरचा मामला बिनखर्चात मिटला. याच्या नेमके उलट, धूर डोळ्यांत जातो म्हणून ब्रीदरला चिंधी कोंबणारे महाभागही आहेत. ते धूर थांबवत नाहीत, त्याला सिलातून वाट काढायला लावतात.

वायू रिंगांतूनच येतो, हेही गृहीत धरू नये. चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजची वाहतूक करणाऱ्या ट्रकांसारख्या हवेच्या ब्रेकच्या गाडीत कॉम्प्रेसरच्या स्वतःच्या रिंगा झिजल्या, तर ती हवा इंजिनाच्या पोटात उतरते. कित्येक डिझेल जीपगाड्यांत डायनामोमागचा व्हॅक्यूम पंप तेच करतो, आणि टर्बोचे सील गेले तरी लक्षण तेच. तो भाग तात्पुरता तोडून पाणी पुन्हा मोजावे.

‘कॉम्प्रेशन चांगले, म्हणजे रिंगा चांगल्या’ हा दाखला सुशिक्षित फिटरही देतात. रिंगांभोवती साचलेले तेल घटकाभर फट बुजवते आणि आकडा खोटा चढतो. त्याऐवजी पिस्टन वरच्या टोकाला आणून, क्रँक फिरणार नाही अशी अटक करून, सिलिंडरात बाहेरून हवा सोडावी व कान द्यावा : टोपणातून फुसफुस आली तर रिंगा किंवा बोअर, सायलेन्सरातून आली तर व्हॉल्व्ह, रेडिएटरात बुडबुडे आले तर हेड गॅसकेट. तीनपैकी एकच सिलिंडर दोषी निघाल्याचे पुष्कळदा आढळते.

घट्ट ऑइल किंवा बाटलीतले औषध घालण्याने झीज भरून निघत नाही, त्याविषयी अधिक लिहिणे नको. झीज आली कोठून, हे मात्र पाहावे. धान चुरताना उडणारी धूळ एअर फिल्टरने अडवली, तरी फिल्टरपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळीला चीर असेल तर ती न गाळता आत जाते. बोअर करून नव्या रिंगा घातल्यावर तीच नळी, तोच ढिला क्लिप जागेवर ठेवणारे मालक मी दरवर्षी पाहतो.