आधी गुरुजींच्या हाती सेल-बल्ब, मग पोरांच्या

ढाणकी (ता. उमरखेड) : शाळेत विजेचा धडा बहुतेक वेळा फळ्यावरच संपतो. पण सेल, एक तार अन् टॉर्चचा छोटा बल्ब हातात देऊन "लावून दाखवा" म्हटलं, तर मोठी माणसंही अडतात. बल्बला दोन जागा असतात: खालचं टोक अन् बाजूचं धातूचं आवरण. सेलची दोन टोकं या दोन जागांना जोडली, तरच विजेची वाट पूर्ण होते. हे हातानं केल्यावर पक्कं बसतं.

म्हणून शिक्षकांनी प्रयोग आधी स्वतः करावेत. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत असा विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. तिथं शिक्षक आधी विद्यार्थ्यांसारखे प्रयोग करायचे, मग शिकवायचे. त्या कामाशी जोडलेले अरविंद गुप्ता पुढं पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आले. त्यांची मोटार कोणालाही जमते. सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचं रबर, चुंबक अन् वाइंडिंगची तार एवढंच लागतं. तारेची गुंडाळी करून दोन्ही टोकांवरचा लेप तीन बाजूंनी खरवडायचा, एका बाजूनं ठेवायचा. सगळा काढला तर अर्ध्या फेरीनंतर गुंडाळी मागं ओढली जाते. विहिरीवरच्या मोटारीची रचना वेगळी, पण विजेतून चुंबक होतो हे तत्त्व तेच.

दुसरा प्रयोग थेट जिवाशी निगडित आहे. तीन सेल, एक लाल एलईडी जोडा अन् दोन तारांची टोकं एकमेकींना न चिकटवता पाण्यात सोडा. साध्या पाण्यात एलईडी मिणमिणते किंवा लागतच नाही. चिमूटभर मीठ टाका, चांगली लागते. आपल्या घामातही मीठ असतं. ओल्या हातानं स्टार्टरला हात लावणं का धोक्याचं, हे पोराला इथं दिसतं. सेल दीड व्होल्टचा, घरची लाईन २३० व्होल्टची अन् पंपाची थ्री फेज सुमारे ४१५ व्होल्टची. म्हणून प्रयोग फक्त सेलवर करायचे, बोर्डाच्या पिनेवर कधीच नाही.

रात्री लाईन आली की वावरात मोटार चालू करायला कित्येक घरची पोरं जातात. तेव्हा पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय काढावा. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक सत्र या प्रयोगांना मिळालं, तर पुढच्या आठवड्यात ते वर्गात पोहोचतील. सामान गावच्या दुकानात मिळतं.