विंडोचे जतन केलेले आकारमान का पाळले जात नाही?

१९६४ मध्ये लिस्कर व एब्रामसन यांनी अकरा भाषांतील शब्दारंभीच्या स्पर्शांचा जो तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला त्यात मराठीचाही समावेश होता, हे आपल्या विभागातील बहुतेकांस ठाऊक आहे. स्फोट आणि घोषारंभ यांमधील काळ मोजण्याचे ते काम कागदावर उमटविलेल्या वर्णपटांच्या आधाराने झाले. कागदावर एका सेकंदाला किती जागा मिळावी हे यंत्राच्या रचनेनेच ठरलेले असे. आज तेच मोजमाप आपण संगणकाच्या पडद्यावर, प्राटसारख्या प्रोग्रामच्या विंडोत करतो. आणि येथे एका सेकंदाच्या वाट्याला येणारी जागा विंडोच्या रुंदीवर अवलंबून राहते. दोन सेकंदांचा भाग १६०० पिक्सेल रुंदीत पाहिला तर एक पिक्सेल म्हणजे १.२५ मिलिसेकंद होतात. तीच विंडो दुसऱ्या दिवशी ८०० पिक्सेल रुंदीची उघडली तर एक पिक्सेल २.५ मिलिसेकंदांचा होतो. म्हणजे १५ मिलिसेकंदांचे अंतर काल १२ पिक्सेलांचे दिसत होते, ते आज ६ पिक्सेलांचे दिसू लागते. डोळ्यांनी सीमा आखणाऱ्या संशोधकाच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक नव्हे. म्हणूनच, एखादे सॉफ्टवेअर आपण जतन केलेले आकारमान वारंवार का विसरते, हा प्रश्न केवळ सोयीचा मानून सोडून देता येत नाही.

‘जतन केले’ या एका क्रियापदात वस्तुतः तीन निरनिराळ्या क्रिया दडलेल्या आहेत. प्रोग्राम आकडे फाइलीत लिहितो. पुढील वेळी ते वाचतो. आणि मग ते आकडे विंडोंची व्यवस्था पाहणाऱ्या यंत्रणेपुढे ठेवतो. तिसरी क्रिया आज्ञार्थी नसून विनंतीच्या स्वरूपाची असते, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. पडद्यावर अंतिम सत्ता प्रोग्रामची नसते. तेव्हा दोष शोधताना पहिला प्रश्न ‘काय बिघडले?’ असा न विचारता ‘तिहींपैकी कोणती क्रिया घडली नाही?’ असा विचारावा.

लिहिण्याची परीक्षा सर्वांत सोपी आहे. विंडोचे आकारमान बदलून प्रोग्राम रीतसर बंद करावा आणि सेटिंगच्या फाइलीवरील बदलाची वेळ पाहावी. ती जुनीच असेल तर पुढे जाण्याचे कारण नाही. अनेक प्रोग्राम हे आकडे केवळ बंद होतानाच लिहितात. त्यामुळे प्रोग्राम कोसळला किंवा संगणक तसाच बंद केला तर काहीच लिहिले जात नाही. प्रयोगशाळेतील सामायिक संगणकांवर आणखी एक गोष्ट संभवते: तेथे प्रत्येक सत्राच्या अखेरीस वापरणाराची सेटिंगे पुसून मूळ स्थितीत आणण्याची व्यवस्था पुष्कळदा मुद्दाम केलेली असते. त्याचप्रमाणे एकाच प्रोग्रामच्या दोन प्रती उघड्या असल्यास, जी शेवटी बंद होते तिचेच आकडे टिकतात.

फाइल लिहिली जात असेल, तर तिच्यात काय लिहिले आहे ते वाचावे. येथे सामग्री अधिक उद्बोधक आहे. विंडोज प्रणालीत लघुरूप केलेली विंडो पडद्याबाहेर, उणे ३२,००० या स्थानी, ठेवलेली असते. लघुरूप अवस्थेतच प्रोग्राम बंद केला आणि त्याने भाबडेपणाने तेच स्थान लिहून ठेवले, तर पुढील वेळी विंडो उघडते पण दिसत नाही. फाइलीत हा आकडा आढळला की निदान झालेच म्हणावयाचे. तसेच आकारमान प्रत्येक वेळी कोणत्या रीतीने बदलते याकडेही लक्ष द्यावे. ते दर वेळी ठराविक पिक्सेलांनी वाढत असेल, तर प्रोग्राम शीर्षकपट्टी व कडा धरून मोजतो आणि त्या वगळून लागू करतो, असा तर्क करता येतो. ते दर वेळी सव्वापट किंवा दीडपट होत असेल, तर संशय पडद्याच्या १२५ किंवा १५० टक्के विस्ताराच्या सेटिंगवर घ्यावा. लिहिताना एक एकक आणि वाचताना दुसरे, असा तो घोटाळा असतो. बेरजेने होणारी वाढ आणि गुणाकाराने होणारी वाढ यांतील हा भेद चार-पाच वेळा उघडझाप केल्यावर कागद-पेन्सिलीनेही कळतो.

आकडे बिनचूक असूनही विंडो मनमानी करीत असेल, तर विनंती नाकारली जात आहे असे समजावे. विंडोज प्रणालीत ज्या शॉर्टकटवरून प्रोग्राम सुरू होतो त्याच्या गुणधर्मांत विंडो सामान्य, लघुरूप की पूर्णरूप उघडावी याची नोंद असते, आणि प्रोग्रामच्या पहिल्याच मागणीपेक्षा ती नोंद वरचढ ठरू शकते. म्हणून तोच प्रोग्राम शॉर्टकट टाळून उघडून पाहावा.

युनिक्सकुळातील संगणकांवर दीर्घकाळ चाललेल्या एक्स पद्धतीत (तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची) एक भेद भाषाभ्यासकांस विशेष रुचावा असा आहे. तेथे आकारमान सांगताना ते वापरणाराने सांगितले की प्रोग्रामने स्वतः सुचविले, हेही वेगळ्या खुणेने सांगावे लागते. काही भाषांत क्रियापदालाच ज्ञानाचा उगम दर्शविणारे प्रत्यय लागतात, त्याची येथे आठवण व्हावी. जतन केलेला आकार मुळात वापरणाराचाच; परंतु पुष्कळ प्रोग्राम तो स्वतःच्या सूचनेच्या खुणेने पाठवितात आणि व्यवस्थापक त्यास दुय्यम लेखू शकतो. २००८ मध्ये आरंभलेल्या वेलँड पद्धतीत सत्तेची वाटणी आणखी स्पष्ट झाली. तिच्या मूळ व्यवस्थेत सामान्य विंडोला आपला आकार मागता येतो, पण पडद्यावरील आपले स्थान ठरविता येत नाही. तेथे स्थान विसरल्याबद्दल प्रोग्रामला दोष देणे अन्यायाचे होईल.

अशा ठिकाणी उपाय प्रोग्रामच्या सेटिंगांत न शोधता व्यवस्थापकाकडे शोधावा. उदाहरणार्थ, केडीईच्या क्विन या व्यवस्थापकात विशिष्ट विंडोसाठी आकाराचा नियम लिहिता येतो, आणि तो केवळ आरंभी लागू करावयाचा की सक्तीने, हेही निवडता येते. मोजमापाच्या कामासाठी सक्तीचा पर्याय घ्यावा. हे जमेपर्यंत विंडोची रुंदी आणि दृश्य भागाचा कालावधी हे दोन आकडे प्रत्येक सत्राच्या नोंदवहीत लिहून ठेवावेत. एका सीमेवर दोघा अंकनकारांचे मत भिन्न पडले, तर प्रथम याच दोन आकड्यांकडे पाहता येईल.