शहर कर्ज काढतं तेव्हा

वाईच्या ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन बहुतेक जण तसेच माघारी फिरतात. देवळाला वळसा घालून मागची भिंत पाहणारे थोडेच. ती भिंत सपाट नाही, माशासारखी निमुळती होत गेली आहे. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर फुटतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ १७६२ साली बांधलं. देऊळ बांधताना नदीचाही विचार करणारी ही स्थापत्याची जाण थक्क करते. आणि पैसा? तो एका सरदार घराण्याच्या तिजोरीतून आला. दिला एका घरानं, वापरला साऱ्या गावानं.

आज गावाला जे हवं असतं, ते असं कुणा एकाच्या दानातून उभं राहत नाही. जमिनीखालच्या जलवाहिन्या, भुयारी गटारं, नदीत जाणारं सांडपाणी अडवून शुद्ध करणारं केंद्र. या कामांवर कुणाच्या नावाची पाटी शोभत नाही आणि खर्च मात्र डोळे पांढरे करणारा असतो. वाईची नगरपालिका १८५५ सालची, म्हणजे राज्यातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक. २०११च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या होती सुमारे ३६ हजार. एवढ्या घरांच्या घरपट्टीतून आणि पाणीपट्टीतून कर्मचाऱ्यांचे पगार भागवायचे, पंपांचं वीजबिल भरायचं, कचरा उचलायचा. उरलेल्या शिलकीतून मोठी योजना कशी करणार?

वाट पाहता येते. दरवर्षी थोडं बाजूला टाकायचं आणि पंधरा-वीस वर्षांनी काम काढायचं. पण तोवर जुने नळ गंजतात, लोखंड-सिमेंट महागतं आणि ज्यांनी पैसे साठवले त्यांतल्या कित्येकांच्या नशिबी ते पाणी येतच नाही. सरकारी अनुदान मिळतं. आपल्या छोट्या गावांच्या बहुतेक योजना त्यावरच चालतात. पण अनुदान केव्हा आणि किती, हे गावाच्या हातात नसतं. उरतो तिसरा मार्ग, कर्जाचा.

ऋण काढून सण करू नये, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं आहे आणि ते योग्यच आहे. सण एका दिवसात सरतो, हप्ता मात्र मागे राहतो. जलवाहिनीचं तसं नाही. ती पन्नास वर्षं पाणी वाहते. तिचा सगळा खर्च आजच्याच करदात्यानं का सोसावा? ज्या मुलीचा अजून जन्म व्हायचा आहे, तीही उद्या त्याच नळाखाली हंडा धरणार आहे. कर्ज वीस वर्षांत फेडायचं ठरलं, तर मोठी झाल्यावर घरपट्टी भरताना तीही आपला वाटा उचलते. गावाच्या कर्जातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट ही आहे. हा सावकार आणि कुळाचा व्यवहार दिसतो खरा, पण त्याच्या पोटात आजी आणि नात यांच्यात खर्चाची वाटणी झालेली असते.

पण गावाला कर्ज देतं कोण आणि कशाच्या भरवशावर? हप्ता थकला म्हणून कुणी नदीवरच्या पुलावर जप्ती आणू शकत नाही. पाण्याची टाकी लिलावात काढून कुणाला काय मिळणार? सावकाराचा भरवसा वेगळाच असतो. माणूस जातो, दुकान बुडतं. गाव मात्र सहसा उठून जात नाही. उद्याही इथे लोक राहतील, पाणी पितील आणि कर भरतील, हेच त्याचं खरं तारण.

हे तारण किती काळ टिकू शकतं? हॉलंडमध्ये लेक नावाच्या नदीचा काठ ढासळत होता. बांध राखणाऱ्या तिथल्या जलसंस्थेनं मे १६४८मध्ये १,००० गिल्डरचा कर्जरोखा काढला. तो बकऱ्याच्या कातड्यावर हातानं लिहिलेला होता आणि त्याला परतफेडीची मुदतच नव्हती. व्याज तेवढं कायम द्यायचं. तेव्हा शिवाजी महाराज अठरा वर्षांचे होते आणि अफझलखानाचा तळ वाईला पडायला अजून अकरा वर्षं होती. राज्यं बदलली, चलनं बदलली, महायुद्धं झाली. तो रोखा अमेरिकेतल्या येल विद्यापीठानं २००३ साली विकत घेतला. २०१५मध्ये त्यांचा माणूस हॉलंडला गेला आणि बारा वर्षांचं थकलेलं व्याज घेऊन आला. रक्कम होती १३६ युरो २० सेंट. मूळ संस्थेची वारस असलेल्या आजच्या जलसंस्थेनं ती देऊनही टाकली. कातड्यावर नोंदींना जागा उरली नाही म्हणून पुढे त्याला कागदाची पुरवणी जोडावी लागली आहे.

लंडनची कथा याहून जवळची वाटते. १८५८च्या उन्हाळ्यात थेम्स नदी इतकी घाण झाली की दुर्गंधीनं पार्लमेंटचं कामकाज चालेना. तेव्हा घाईनं कायदा झाला. शहराच्या मंडळाला ३० लाख पौंडांचं कर्ज काढायची मुभा मिळाली आणि ते फेडण्यासाठी लंडनकरांवर चाळीस वर्षांचा कर बसला. त्या पैशातून जोसेफ बॅझलजेट यांनी विटांची भुयारी गटारं बांधली. कर्ज केव्हाच फिटलं, गटारं आजही शहराचं सांडपाणी वाहून नेत आहेत. आपल्या मुंबईतही १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याच्या वसाहती या त्याच्या योजना, आणि त्यांच्यामागे कर्जरोख्यांचा पैसा होता.

आता वाईहून दोनेक तासांवरच्या पुण्याकडे पाहू. जून २०१७मध्ये पुणे महापालिकेनं २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले. व्याज ७.५९ टक्के, मुदत दहा वर्षं, काम चोवीस तास समान पाणीपुरवठ्याचं. टप्प्याटप्प्यानं २,२६४ कोटी उभे करण्याच्या आराखड्यातला हा पहिला हप्ता. त्याआधी पतमानांकन संस्थांनी पालिकेचं चोपडं तपासलं: कर किती बसतो, किती वसूल होतो, थकबाकी किती, आधीचं देणं किती. त्यावरून ‘डबल ए प्लस’ दर्जा मिळाला. पालिकेचा मिळकत कर एका स्वतंत्र एस्क्रो खात्यात जमा व्हावा, आधी रोखेधारकांचं देणं बाजूला निघावं आणि मग उरलेली रक्कम पालिकेच्या हाती यावी, अशी व्यवस्था लावली गेली. पेठेतल्या कुणी रांगेत उभं राहून कर भरला की त्याची पावती अशी थेट मुंबईच्या शेअर बाजाराशी जोडली जाते.

याच प्रकरणानं कर्जाची दुसरी बाजूही दाखवली. रोखे विकले गेले, पण योजनेच्या निविदा वादात सापडल्या आणि पुन्हा काढाव्या लागल्या. पैसा काही काळ बँकेत पडून राहिला. २०० कोटींवर ७.५९ टक्के म्हणजे वर्षाला १५ कोटी १८ लाख, दिवसाला चार लाखांहून जास्त. काम थांबतं, व्याज थांबत नाही. म्हणून कर्ज काढायच्या आधी निविदा, जागा आणि परवानग्या तयार हव्यात, हा धडा प्रत्येक नगरपालिकेनं गिरवावा असा आहे.

पुण्याच्या आधी अहमदाबादनं मोठी हिंमत केली होती. १९९८ साली राज्य सरकारची हमी न घेता त्या महापालिकेनं १०० कोटी उभे केले आणि तारण म्हणून जकातीचं उत्पन्न पुढे ठेवलं. पाठोपाठ नाशिक आणि नागपूरही या बाजारात उतरले. आता जकात गेली आहे. त्यामुळे गावाच्या स्वतःच्या हातात राहिलेली घरपट्टी अधिकच मोलाची झाली.

पण वाईसारख्या गावानं काय करावं? दोन-पाच कोटींसाठी रोखे काढायचे तर पतमानांकन, वकील आणि नोंदणी यांचा खर्चच अंगावर येईल. याचं उत्तर तामिळनाडूनं शोधलं. तिथे २००२ साली एक सामाईक निधी उभा राहिला. त्यानं १३ लहान नागरी संस्थांची गरज एकत्र बांधली आणि त्यांच्या पाणी-सांडपाण्याच्या कामांसाठी १५ वर्षांच्या मुदतीचे, सुमारे ३० कोटींचे रोखे काढले. निम्म्या मुद्दलाला अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेची हमी होती. एकेकट्याला ज्यांना बाजारानं ओळखही दिली नसती, त्या गावांची पत एकत्र आल्यावर उभी राहिली. वाई, पाचगणी, महाबळेश्वर, रहिमतपूर, कराड, फलटण अशी सातारा जिल्ह्यातली गावंही हे करू शकतील. वाईत शुद्ध केलेलं सांडपाणी कृष्णेत गेलं, तर त्याचा लाभ खालच्या कराडला आणि सांगलीलाही होतो; नदी सामाईक असेल तर तिच्यासाठीचं कर्ज सामाईक का नसावं?

त्यासाठी आधी गावाचा हिशेब चोख हवा आणि तो विचारणारे नागरिक हवेत. नवी योजना जाहीर झाली की नगरसेवकाला तीन गोष्टी विचाराव्यात. हे काम किती वर्षं टिकेल? त्याचं कर्ज किती वर्षांत फिटेल? आणि हप्ता कुठल्या उत्पन्नातून जाईल? काम निकामी होण्याआधीच कर्ज फिटणार असेल आणि हप्त्याचं उत्पन्न कागदावर स्पष्ट दाखवता येत असेल, तर घाबरायचं कारण नाही. कर्ज कामापेक्षा जास्त जगणार असेल, तर आपण पुढच्या पिढीच्या माथी नुसतं ओझं मारतो आहोत. आणि हे विचारण्याचा हक्क सर्वांत ठसठशीतपणे त्याच्याकडे असतो, ज्यानं या वर्षीची घरपट्टी वेळेत भरली आहे, कारण गावाची पत त्यानंच राखलेली असते.