पंगतीबाहेरची स्वाती

मेअखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास मुंबईत किंवा अहिल्यानगरात गच्चीवर उताणे पडा. बरोब्बर कपाळावर एक ठसठशीत केशरी तारा दिसेल. तीच स्वाती. या गावांचे अक्षांश आणि तिची क्रांती (म्हणजे आकाशातले अक्षांश) जवळपास एकच, १९ अंश उत्तर; म्हणून इथे ती थेट डोक्यावरून जाते. खात्री करायची तर सप्तर्षींची शेपटी धरा. अंगिरस, वसिष्ठ, मरीची यांचा बाक तसाच पुढे ओढला की तो हिच्यावर येतो.

शिंपल्यातल्या मोत्यामुळे स्वातीचे नाव सर्वतोमुखी झाले. तिचे वैदिक नाव मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते: निष्ट्या. म्हणजे बाहेरची, परकी. नाव चपखल आहे. सत्तावीस नक्षत्रांच्या पंगतीत तिचे पान मांडलेले, पण बाई बसली आहे क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेच्या, ३० अंश उत्तरेला, भूतप तारकासमूहात!

गंमत म्हणजे आजचे खगोलशास्त्रही तिला परकीच ठरवते. सूर्य आणि त्याचे बहुतेक शेजारी तारे साधारण एकाच ओघात आकाशगंगेला फेरी घालतात. स्वाती तो ओघ आडवा कापत चालली आहे. आपल्या सापेक्ष तिचा वेग सेकंदाला सुमारे १२० किलोमीटर. १७१८ साली एडमंड हॅले यांनी टॉलेमीच्या जुन्या यादीशी ताऱ्यांच्या जागा ताडून पाहिल्या, तेव्हा स्वाती, व्याध आणि रोहिणी आपापल्या जागी सापडेनात. ‘स्थिर’ तारे सरकतात हे तेव्हा कळले. ज्ञानेश्वरी सांगितली गेली १२९० मध्ये. तेव्हापासून आजवर स्वाती जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतकी दक्षिणेला सरकली आहे.

वस्तुमान म्हणाल तर सूर्याहून किंचितच जास्त. पण वय झाले, सुमारे ७०० कोटी वर्षे. गाभ्यातला हायड्रोजन संपला, आणि ती सूर्याच्या पंचवीसपट फुगली. फुगल्यावर पृष्ठभाग निवला, म्हणून हा केशरी रंग. सूर्याचेही पुढे हेच होणार, फक्त त्याला अजून ५०० कोटी वर्षे अवकाश आहे.

सध्या ती ३७ प्रकाशवर्षांवर आहे. सुमारे ४,००० वर्षांनी आपल्या सर्वांत जवळ येईल, मग दूर जाऊ लागेल. लाखो वर्षांनी ती नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही.