यंत्राच्या बोलण्यातली खरखर

रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या घराडी गावी दृष्टिहीन मुलांसाठी ‘स्नेहज्योती’ ही निवासी शाळा आहे. अशा शाळांतून शिकून पुढे महाविद्यालयात किंवा नोकरीत जाणाऱ्या अनेकांचं वाचन आज ब्रेलइतकंच कानांनीही होतं. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी ‘एनव्हीडीए’, ‘टॉकबॅक’ यांसारखी सॉफ्टवेअर त्यासाठी वापरली जातात. २००६ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेलं एनव्हीडीए मोफत मिळतं आणि त्याच्याबरोबर येणारा ‘ई-स्पीक’चा आवाज मराठीही वाचतो. सरावलेला कान हा आवाज नेहमीच्या बोलण्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने ऐकतो. त्या वेगात मध्येच ‘टक्’ वाजली किंवा मागे खरखर राहिली, तर नुसता त्रास होत नाही, अक्षरंच गळतात.

कारण उच्चाराच्या घडणीतच आहे. ट किंवा प म्हणताना अडवलेली हवा सुटते तो स्फोट काही मिलिसेकंदांचा असतो. तेवढाच वेळ वाजलेली ‘टक्’ व्यंजनासारखी भासू शकते. स आणि श हे तर घर्षणाचेच ध्वनी, आलेखावर ते खरखरीसारखेच दिसतात. क आणि ख यांच्यात फरक असतो तो हवेच्या एका झोताचा. भाषेत स्वतःचीही खरखर असते आणि तिच्यावर अर्थ उभा असतो. म्हणून सरसकट गाळणी लावण्याआधी बिघाड नेमका कुठे शिरला, हे शोधावं लागतं.

पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी गढूळ आलं, तर जाणता माणूस पाटाच्या कडेने वर चालत जातो आणि पाणी कुठून गढूळ होतं ते बघतो. आवाजाच्या वाटेवरही तसंच चालावं लागतं. मजकूर, उच्चार ठरवणारा भाग, ध्वनिलहर घडवणारा भाग, साउंड कार्ड, अॅम्प्लिफायर आणि शेवटी स्पीकर, असे तिचे टप्पे आहेत.

आधी फाइल तपासा

पहिली चाचणी सोपी आहे. यंत्राने बोललेला मजकूर ‘वेव्ह’ फाइलमध्ये साठवायचा आणि ती फाइल दुसऱ्याच यंत्रावर, हेडफोन लावून ऐकायची. खरखर तिथेही ऐकू आली, तर दोष आवाज घडवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे आहे. आली नाही, तर तो साउंड कार्डापासून पुढे आहे. एका चाचणीत निम्मी वाट निकालात निघते.

दोष फाइलमध्ये असेल, तर ती ‘ऑडॅसिटी’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघावी. लहरींचे माथे सपाट कापलेले दिसले, तर आवाज मर्यादेबाहेर वाढवलेला असतो. १६ बिटांच्या फाइलमध्ये लहरीची उंची उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ एवढीच मावते, त्यापलीकडचा भाग कापला जातो आणि आवाज फाटतो. अशा वेळी सॉफ्टवेअरमधला आवाज कमी करून स्पीकरचा वाढवावा.

लहरीत एकदम उभी उडी दिसली, तर ती सांध्यावरची ‘टक्’. रेल्वे स्थानकांवरच्या उद्घोषणांत गाडीचा क्रमांक, स्थानकाचं नाव, फलाट असे आधी ध्वनिमुद्रित केलेले तुकडे जोडतात. एका तुकड्याचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात वेगवेगळ्या पातळीवर असली, की सांधा वाजतो. लहर शून्यावर असताना कापणं, किंवा काही मिलिसेकंद एक तुकडा विरत असताना दुसरा चढवणं, हे त्यावरचे उपाय.

नव्या पद्धतीत तुकडे जोडले जात नाहीत. आयआयटी मद्रासमधल्या ‘एआय-फॉर-भारत’ गटाने २०२२ मध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी जाहीर केलेली आवाजाची मॉडेल न्यूरल नेटवर्कवर चालतात. एक भाग आवाजाचा आराखडा काढतो, दुसरा त्यापासून लहर घडवतो. हे काम चुकलं की आवाजाला पत्र्यासारखी किणकिण येते. शिकवण्यासाठी वापरलेल्या ध्वनिमुद्रणात पंख्याची घरघर असेल, तर मॉडेल तीही शिकतं. त्यावर खात्रीचा उपाय एकच, मूळ ध्वनिमुद्रण शांत खोलीत करणं.

मग वायर आणि भिंत

फाइल स्वच्छ असूनही स्पीकर गुणगुणत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघावा. गुणगुण थांबली, तर ती विजेच्या वाटेने येते आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही गुणगुण बहुधा ५० आणि १०० हर्ट्झवर सापडते. कोकणात याला जमिनीचंही कारण असू शकतं. जांभ्याच्या कातळात, त्यातही उन्हाळ्यात, विद्युतरोध जास्त असतो आणि चांगलं अर्थिंग मिळणं अवघड जातं. खोल खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरून तो ओला ठेवतात तो यासाठीच. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये, ते जिवावर बेतू शकतं.

वायर हलवली की चरचर होत असेल, तर जॅक तपासावा. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत धातूच्या पिना लवकर गंजतात. आवाज तुटक येत असेल, तर संगणक साउंड कार्डाला वेळेत माहिती पुरवत नाही, बफर, म्हणजे माहिती आधीच साठवून ठेवण्याची जागा, वाढवल्याने बरेचदा काम होतं. वाक्याचं पहिलंच अक्षर गायब होत असेल, तर साउंड कार्ड वीज वाचवण्यासाठी झोपी जात असतं. बोलणं संपल्यावरही ते काही काळ जागं ठेवण्याची सोय एनव्हीडीएमध्ये आहे.

खरखर कमी करणारं सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी वापरावं आणि ते वापरण्याआधी व नंतर एकच वाक्य ऐकावं: ‘शेजारच्या सखाने म्हशीला घासाची पेंढी घातली.’ सखाचा ‘सका’ झाला किंवा ‘म्हशी’तला ह विरला, तर सफाई जास्त झाली, ती मागे घ्यावी. तरीही दोष राहिला, तर सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना कोणता आवाज निवडला होता, वेग किती होता, यंत्र कोणतं होतं हे लिहून कळवावं आणि सोबत हेच वाक्य साठवलेली वेव्ह फाइल जोडावी. मराठी न येणारा तंत्रज्ञही त्या फाइलच्या आलेखावर बोट ठेवून दोषाची जागा दाखवू शकतो.